साती औटं साडेचोवीस

१ डिसेंबर २०२४, रविवार

थोरलीची शिकवणी आजपासून बंद केली. सर शिकवत नव्हते असं नाही. पण तासाभरात तीस पोरं, एकाचं अडलं तर थांबणार कोण? उत्तर फळ्यावर येतं, सगळे उतरवून घेतात. घरी आली की वही दाखवायची, सगळी गणितं बरोबर. इथे भागाकार का केलास विचारलं की म्हणायची, "तसाच करतात."

गणित त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त येतं. मी बी.एस्सी. झाले ती रसायनशास्त्र घेऊन. पण माझ्याजवळ वेळ आहे. एकच गणित मी आठवडाभर पुरवलं तरी कोणी फी मागायला येणार नाही, की पुढच्या धड्याला उशीर होतो म्हणून कुणाची ओरड होणार नाही. घरी शिकवण्याचा फायदा मला तरी एवढाच दिसतो.

वेळ ठरली: कुकर लागला की साडेसातपासून, स्वयंपाकघरात चटई टाकून. हे म्हणाले, "मोबाइल कोणाजवळ राहील ते आधी ठरवा." तो फडताळात राहील. सासूबाईंची एकच अट, "पोट्ट्याले मारायचं नाई." मान्य.

३ डिसेंबर, मंगळवार

धाकटा दुसरीत आहे. सत्तावीस लिही म्हटलं की ७२ लिहितो. आधी सात ऐकू येतो, म्हणून आधी सात लिहितो. इमानदारीत त्याच्यापुढे कोणी नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' छापलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेत चेष्टा झाली आणि मराठी बुडाली म्हणून पेपरांचे रकाने भरले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढलेली नाहीत, नवीन पद्धत जोडीला दिली आहे, दक्षिणेकडच्या भाषांमध्ये दशक आधीच बोलतात, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.च्या सुवर्णपदक विजेत्या, संसार आणि मुली सांभाळून पुढे पीएच.डी. केलेल्या, 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या बाई. त्यांना मराठी शिकवायला निघालेल्यांपैकी किती जणांनी आपल्या घरच्या दुसरीतल्या पोराला त्र्याहत्तर लिहायला लावून पाहिलं असेल, कोण जाणे. २०२३ च्या जुलैत त्या गेल्या.

आज खराट्याच्या काड्या तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, रबर लावून. सत्तावीस म्हटलं की दोन जुड्या आणि सात सुट्या. पहिल्यांदा त्याने सात काड्या आधी मांडल्या, त्याच्या उजवीकडे दोन जुड्या. मी काही बोलले नाही. त्याने स्वतःच पाहिलं, वहीत पाहिलं, मग जुड्या उचलून डावीकडे ठेवल्या आणि हळूच म्हणाला, "वीस सात."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "काहून रे, वीस सात काय म्हनून रायला? सत्तावीस म्हन."

"आजी, लिवायले वीस सात, बोलायले सत्तावीस."

विधानसभेपेक्षा लवकर मिटलं.

५ डिसेंबर, गुरुवार

वजाबाकी. ५२ मधून २७. शाळेत हातचा शिकवलाय: दोनातून सात जात नाहीत, शेजारून दहा घ्या. त्याला घ्यायला आवडत नाही. "शेजारच्याले परत कवा द्यायचे?" हा प्रश्न तसा रास्तच आहे.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तो रोज जातो. दुकानदार पैसे परत कसे देतात ते त्याने पाहून ठेवलंय. बोटांवर म्हणाला, सत्तावीसचे तीस करायला तीन, तिसाचे पन्नास करायला वीस, वर दोन. पंचवीस. एकही हातचा नाही.

शाळेत हे चालेल का? बहुतेक नाही. मी वहीत त्याची रीत लिहू दिली आणि खाली शाळेची. दोन्हींचं उत्तर एक आलं की त्याला फार गंमत वाटते. परीक्षेत काय लिहायचं ते मार्चमध्ये पाहू.

८ डिसेंबर, रविवार

थोरली सातवीत. दशांश अपूर्णांकांनी वैताग आणलाय. पुस्तकातल्या रिबिनी कापून कापून तिला कंटाळा आलाय. म्हणून सातबारा काढून पुढे ठेवला. क्षेत्र लिहिलेलं: १.४२. "म्हणजे एक एकर बेचाळीस गुंठे?" लगेच स्वतःच म्हणाली, "नाही, चाळीस गुंठ्यांचा तर एकर होतो." हे कळलं म्हणजे अर्धं काम झालं. एक हेक्टर बेचाळीस आर. शंभर आरचा हेक्टर, म्हणून पॉइंटनंतर दोन घरं. एक एकर म्हणजे ४०.४७ आर. भागाकार तिनेच केला, उत्तर आलं ३.५ आणि शेपटीला काहीतरी. साडेतीन एकर. घरात लहानपणापासून ऐकत आलेला आकडा कागदावरून निघाला, तर तिला पटेना. पुन्हा भागून पाहिलं.

दुपारी शेजारचे आबाजी आले. ऐंशीच्या पुढचे आहेत, जिनिंगमध्ये दिवाणजी होते. थोरली एकरी साडेसात क्विंटल कापूस धरून साडेतीन एकरांचा हिशेब मांडत होती, ७.५ गुणिले ३.५, खाली आडवी रेघ. आबाजींनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगितलं:

"साती औटं साडेचोवीस. वर अर्धं रायलं, औटाचं अर्धं पावनेदोन. सव्वासव्वीस."

तिचं उत्तर दोन मिनिटांनी आलं, २६.२५. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

मग आबाजी सुटलेच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे. हे पाठ केल्याशिवाय त्यांच्या काळी पेढीवर कोणी उभं करत नसे. कारणही त्यांनीच सांगितलं. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. पाव रुपया म्हणजे चार आणे, अर्धा म्हणजे आठ; व्यवहारात येणारा प्रत्येक अपूर्णांक चारच्या घरात बसायचा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि पावकी-निमकीचं काम संपलं. यंदा कापसाचा हमीभाव ७,५२१ आहे. त्याला औटकी काय करणार?

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. सगळे पाढे पाठ करून घ्यायचा माझा विचार नाही. पण साडेसातचे सात आणि अर्धा असे दोन तुकडे करून आधी मोठ्याचा गुणाकार उरकायचा, मग उरल्यासुरल्याचा, ही आबाजींची चाल मात्र मी थोरलीकडून घोटून घेणार आहे. आडव्या रेघेखालचं गणित बरोबर आलं की चुकलं, हे त्या चालीने आधीच कळतं.

११ डिसेंबर, बुधवार

आज काही नाही. लाइट गेली, आणि तूर पाहायला शेतात गेलेले हे उशिरा आले. धाकट्याने अंधारात सतराचा पाढा म्हणायचा प्रयत्न केला आणि सत्रा पाचाला झोपला.

१४ डिसेंबर, शनिवार

थोरलीला 'लीलावती'तलं गणित घातलं. ग्रंथ ११५० चा, भास्कराचार्यांचा. लीलावती ही त्यांची मुलगी, तिची समजूत घालायला बापाने गणित लिहिलं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. ती दंतकथा. पण चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख दंतकथा नाही. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची नोंद १२०७ सालची आहे. घरातलं गणित घराबाहेर शिकवायची सोय नातवाने केली. नारळीकरांनी एका मुलीचं नाव लीलावती ठेवलं, हे सांगितल्यावर थोरली म्हणाली, "बिचारी. शाळेत गणितात कमी पडली असती तर?"

गणित असं: भुंग्यांचा थवा. त्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर. या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर. एक भुंगा उरला, तो केवड्याचा वास घ्यावा की मालतीचा, या घोळात हवेतच फिरतोय. थवा किती?

"थवा किती ते सांगितलंच नाही, मग पाचवा भाग कसा काढू?"

सांगितलं, घाई नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

रविवारी तिने भुंग्यांची चित्रं काढली. काल वही उघडली नाही. आज भाकरी थापत होते तर मागून आवाज, "पाचाने पण भाग जायला पाहिजे, तिनाने पण. अर्धा भुंगा तर नसते." मग पंधरा. पंधराचा पाचवा भाग तीन, तिसरा पाच, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच, सहा, चौदा. एक उरला. जमलं.

मला वाटलं इथे संपलं. पण तिला तीसचं काय ते पाहायचं होतं. सहा, दहा, बारा, अठ्ठावीस. दोन उरले. पंचेचाळीस: नऊ, पंधरा, अठरा. तीन उरले. "आई, दर पंधरामागे एक उरतो!" भाकरी तव्यावर करपली.

पुढच्या वर्षांत शाळेत समीकरण मांडून हेच करतील, एका ओळीत. करोत. पण थव्यातला पंधरावा भाग उरतो, हे तिने स्वतः शोधलं, आणि त्याला शनिवार ते मंगळवार लागले. शिकवणीत या गणिताला चार मिनिटं मिळाली असती.

२० डिसेंबर, शुक्रवार

गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली आजच्याच दिवशी, अमरावतीजवळ वलगावला गेले. शेंडगाव, त्यांचं जन्मगाव, आपल्याच अंजनगाव-सुर्जी तालुक्यात. शाळेत भाषणं झाली, रस्ता झाडला. थोरलीने आल्यावर विचारलं, बाबा शिकले नव्हते तर शिका शिका का सांगत होते?

मी सांगितलं ते चरित्रांत आहे ते. बाबा वाढले मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यात दापुरीला. मामाची जमीन सावकारी कर्जात अडकली. हिशेब सावकाराच्या वहीत, आणि वाचता कोणालाच येत नव्हतं. ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असं ते कीर्तनात सांगायचे ते हवेतून आलेलं नव्हतं.

मग त्याच हिशेबाला बसलो. गावात आजही खाजगी व्याज शेकडा महिन्याने बोलतात: "तीन रुपये शेकडा." ऐकायला तीन म्हणजे काहीच नाही. दहा हजारांवर महिन्याला तीनशे, वर्षाला तीन हजार सहाशे. म्हणजे ३६ टक्के. इथपर्यंत तिने तोंडी केलं. व्याज महिन्याच्या महिन्याला देत गेलं तर ठीक. नाही दिलं आणि ते मुदलात मिसळलं तर?

फडताळातला मोबाइल कॅल्क्युलेटरपुरता बाहेर काढला. तिने वहीत खाली खाली मांडलं. पहिला महिना १०,३००. दुसरा १०,६०९. "नऊ रुपये कुठून आले?" तीनशेवरचं व्याज. वर्षाच्या शेवटी १४,२५८ झाले तेव्हा ती थांबली. सरळ व्याजाने १३,६०० झाले असते. मग पुन्हा लागली. तेविसाव्या महिन्याला १९,७३६, चोविसाव्याला २०,३२८. दोन वर्षांत दामदुप्पट. सरळ व्याजाने यालाच तेहतीस महिन्यांहून जास्त लागतात.

सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "माह्या बापाचं वावर असंच गेलं." त्यांनी हे आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. थोरलीने वहीत त्या पानावर तारीख टाकली.

पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं, हेही तिला सांगितलं. त्या सवलतीच्या योजनेला पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. तेही आपल्याच जिल्ह्यातल्या पापळचे. शून्याने गुणणं एवढं सुखाचं तिला कधी वाटलं नव्हतं. "वेळेत" या शब्दाखाली मात्र मी रेघ मारून घेतली.

२२ डिसेंबर, रविवार

रामानुजन यांचा जन्मदिवस, २०१२ पासून राष्ट्रीय गणित दिन. रामानुजन फार उंचावर आहेत. मी पोरांना आपल्या देवळालीच्या मास्तरांकडे नेलं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५. देवळालीला शाळेत शिकवत राहिले, १९६२ ला निवृत्त झाले. मोठी पदवी नाही, विद्यापीठ नाही, आकड्यांशी खेळायचं वेड तेवढं. मोठ्या लोकांनी बराच काळ दुर्लक्ष केलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगभर नाव झालं.

त्यांचा खेळ: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच.

थोरलीने १८०३ घेतला. आमच्या गावाचा इतिहासाच्या पुस्तकातला एकमेव आकडा. त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी सुर्जी-अंजनगावचा तह केला. त्याआधी पंधरा दिवस वर गाविलगड पडला होता. ती वजा करत गेली:

८३१० वजा ०१३८, ८१७२.
८७२१ वजा १२७८, ७४४३.
७४४३ वजा ३४४७, ३९९६.
९९६३ वजा ३६९९, ६२६४.
६६४२ वजा २४६६, ४१७६.
७६४१ वजा १४६७, ६१७४.

"आता पुढे?" पुढे कर. ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. अडकली. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वरच येऊन थांबायचं. तिला वाटलं मी तिला फसवतेय, म्हणून तिने ह्यांच्या गाडीचा नंबर घेतला. तोही तिथेच.

धाकट्याने नियम न ऐकता २२२२ सांगितला. बहीण म्हणाली, शून्य. त्याला आपलं लवकर संपलं याचाच आनंद.

सातवीला वजाबाकीचा सराव द्या म्हटलं तर तोंड वाकडं होतं. आज दुपारभर तिने किती वजाबाक्या केल्या याचा हिशेब तिने ठेवला नाही, मीही नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

कापूस सरकारी खरेदी केंद्रावर नेला. खाजगीत भाव सात हजारांच्या आगेमागे, हमीभाव लांब धाग्याला ७,५२१. फरक आहे, पण ओलाव्याची भानगड आहे. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कपात, बारा टक्क्यांच्या वर घेतच नाहीत. हे निघायच्या आधी थोरलीला विचारून गेले: "अकरा निघाला तर?" तिने लिहून दिलं: ७,५२१ चे तीन टक्के २२५.६३, भाव ७,२९५.३७. तरी खाजगीपेक्षा बरा. ह्यांनी चिठ्ठी खिशात घातली. शिकवणीची फी भरताना त्यांचा चेहरा असा कधी नव्हता.

धाकटा घरी पसरून ठेवलेल्या उरलेल्या कापसावर बसून जुड्या मोजत होता. शंभरच्या पुढे गेलाय. दहा जुड्यांची एक मोठी जुडी त्याने स्वतःच बांधली, सुतळीने. मी सांगितलं नव्हतं.

३० डिसेंबर, सोमवार

पट्टी आली. वजन १२ क्विंटल ४० किलो, ओलावा १० टक्के.

थोरलीला पट्टीवरची रक्कम झाकून दाखवली. तिने आधी भाव काढला: ७,५२१ चे दोन टक्के १५०.४२, उरले ७,३७०.५८. मग १२.४० ने गुणलं. आबाजींच्या चालीने: बाराने गुणून ८८,४४६.९६, वर चाळीस किलोचे २,९४८.२३. बेरीज ९१,३९५.१९.

ह्यांनी दुसरीच वाट धरली. पूर्ण भावाने सगळ्या कापसाचे ९३,२६०.४०, त्याचे दोन टक्के १,८६५.२१, वजा. तेही ९१,३९५.१९. ती म्हणाली, "कपात आधी केली काय न् शेवटी केली काय, सारखंच कसं?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं नाही. उद्या सुट्टी नाही, परवा नवीन वर्ष. तिला विचार करायला आठवडा दिलाय.

मग हात काढला. पट्टीवर ९१,३९५. हिशेब जुळला. पैसे अजून खात्यात यायचे आहेत.